फॉर्म्युला लांबला की हिशेब दिसेनासा होतो

मावळात आज चिक्कीच्या दुकानापासून पवन मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसपर्यंत आणि भाड्याच्या बंगल्यापासून इंद्रायणी तांदूळ विकणाऱ्या शेतकरी गटापर्यंत बहुतेकांचा हिशेब एक्सेलच्या किंवा गुगल शीट्सच्या फाइलीत असतो. फाइल सुरुवातीला साधीच असते. मग शनिवार-रविवारचा दर वेगळा होतो, पावसाळ्याचा आणखी वेगळा, जादा माणसाचे पैसे निराळे, त्यावर कर. प्रत्येक अपवादाला एक ‘इफ’ जोडला जातो. दोन-तीन हंगामांत फॉर्म्युला तीन ओळींचा होतो आणि ज्याने लिहिला त्यालाही उलगडेनासा होतो. तरीही उत्तर येत असतं, त्यामुळे कुणी त्याला हात लावत नाही.

असा फॉर्म्युला सोडवायचा कसा, नवा लिहायचा तर कसा, आणि मुळात तो लांबू नये म्हणून फाइल कशी मांडायची, ते या लेखात पाहू. वाचायला सोपं जावं म्हणून फंक्शनची नावं, रकान्यांची अक्षरं आणि कळांची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलीत हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचं.

लांबी येते कुठून?

समजा, लोणावळ्यातल्या एका लॉजची ही शीट आहे. ए रकान्यात येण्याची तारीख, बीमध्ये खोली, सीमध्ये रात्री, डीमध्ये माणसं. भाड्याचा फॉर्म्युला असा:

=इफ(ऑर(वीकडे(ए२,२)=५,वीकडे(ए२,२)=६),इफ(अँड(मंथ(ए२)>=६,मंथ(ए२)<=९),८०००,६०००),इफ(अँड(मंथ(ए२)>=६,मंथ(ए२)<=९),५०००,४०००))*सी२+इफ(डी२>२,(डी२-२)*८००*सी२,०)

यात ‘वीकडे’ला दिलेला २ म्हणजे आठवडा सोमवारपासून मोजायचा. म्हणून ५ हा शुक्रवार आणि ६ हा शनिवार. रविवारी रात्री पाहुणे परततात, तेव्हा तो साध्या दरात. जून ते सप्टेंबर हा हंगाम. तर्क बरोबर आहे, पण चार दर, हंगामाचे महिने, आठवड्याचे वार, माणसांची मर्यादा आणि जादा माणसाचे ८०० रुपये असे सगळे आकडे कंसांच्या आत अडकून पडले आहेत. हंगामाची अट तर दोनदा लिहिली आहे. उद्या ऑक्टोबरही हंगामात धरायचा ठरला तर दोन जागी बदल करावा लागेल, आणि एक जागा हमखास राहून जाईल.

याच्यावर कर लावायला गेलं की भाड्याची रक्कम पुन्हा हवी असते. मग हा अख्खा तुकडा कॉपी करून त्याच फॉर्म्युल्यात परत चिकटवला जातो आणि लांबी एका फटक्यात दुप्पट होते.

एक्सेल २००३ पर्यंत फॉर्म्युल्याची मर्यादा १,०२४ अक्षरांची होती आणि एकात एक फंक्शन सात पातळ्यांपर्यंतच घालता येत असे. एक्सेल २००७ पासून ती ८,१९२ अक्षरं आणि ६४ पातळ्या झाली. म्हणजे प्रोग्राम तुम्हाला अडवणार नाही. अडणार आहे तो फाइल वाचणारा माणूस. म्हणून पहिला नियम असा: जे बदलू शकतं ते फॉर्म्युल्यात लिहायचं नाही.

दर तक्त्यात, फॉर्म्युल्यात नाही

हा नियम का, ते लोणावळ्याला कराने चांगलं शिकवलं आहे. जीएसटी आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या चिक्कीवर १८ टक्के कर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो ५ टक्के झाला. ज्याने बिलाच्या प्रत्येक ओळीत ‘*१८%’ लिहिलं होतं, त्याच्यापुढे ‘फाइंड-रिप्लेस’ करण्यावाचून मार्ग नव्हता. तसं केलं की दोन घोटाळे होतात. एक तर ऑक्टोबरची जुनी बिलंही ५ टक्क्यांनी नव्याने मोजली जातात आणि भरलेल्या कराशी ताळा बसत नाही. दुसरं, घाईत नुसतं १८ च्या जागी ५ केलं तर ‘ए१८’ या सेलचा पत्ताही ‘ए५’ होतो. फाइल कुठेही तक्रार करत नाही आणि अठराव्या ओळीचा हिशेब पाचव्या ओळीवरून होऊ लागतो.

हॉटेलच्या खोलीवरचा दर त्यानंतरही बदलत राहिला. ‘दर’ नावाच्या वेगळ्या शीटवर त्याचा तक्ता असा करता येतो. पहिल्या रकान्यात लागू झाल्याची तारीख, मग एका खोलीच्या एका दिवसाच्या भाड्यानुसार टक्के:

१-१०-२०१९: १,००० पर्यंत ०, ७,५०० पर्यंत १२, त्यावर १८
१८-७-२०२२: १,००० पर्यंत १२, ७,५०० पर्यंत १२, त्यावर १८
२२-९-२०२५: १,००० पर्यंत ५, ७,५०० पर्यंत ५, त्यावर १८

या तक्त्याला नाव द्या. तक्ता निवडून फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या चौकटीत नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं की झालं. इथे आपण ‘करदर’ म्हणू. आता मधल्या टप्प्याचा, म्हणजे तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यातला, टक्का काढायचा फॉर्म्युला एवढाच उरतो:

=व्हीलुकअप(ए२,करदर,३,ट्रू)

शेवटचा ‘ट्रू’ महत्त्वाचा. त्यामुळे नेमकी तीच तारीख शोधली जात नाही, तर बिलाच्या तारखेची किंवा तिच्या आधीची सगळ्यांत जवळची ओळ पकडली जाते. अट एकच, तारखा जुन्याकडून नव्याकडे अशा क्रमाने हव्यात. क्रम बिघडला तर उत्तर चुकतं आणि तसं सांगितलंही जात नाही. दर पुन्हा बदलला की खाली एक ओळ वाढवायची आणि नावाच्या कक्षेत ती आली की नाही ते कंट्रोल-एफ३ दाबून बघायचं. जुनी बिलं जुन्याच दराने राहतात.

तक्त्याला नाव दिल्याचा आणखी एक फायदा आहे. नाव नसेल तर फॉर्म्युला खाली ओढताना ‘ए२:डी४’चं ‘ए३:डी५’ होतं आणि तक्त्याची पहिली ओळ हातातून सुटते. नाव द्यायचं नसेल तर पत्त्यावर कर्सर ठेवून एफ-४ ही कळ दाबा. डॉलरची खूण येते आणि पत्ता जागचा हलत नाही.

भाड्याचे दर, हंगामाचे महिने, माणसांची मर्यादा आणि १,००० व ७,५०० या करमर्यादाही याच ‘दर’ शीटवर न्या. मर्यादा कायमच्या नसतात. २०१७ मध्ये खोल्यांच्या करात चार टप्पे होते. तुमच्या व्यवसायाला नेमका कोणता नियम लागतो ते सीएंना विचारा. फाइलीचं काम एवढंच, की त्यांनी सांगितलेला बदल तुम्हाला दोन मिनिटांत करता यावा.

एक रात्र, एक ओळ

आता वरच्या फॉर्म्युल्यातली खरी चूक पाहू. ती कंसांत नाही, मांडणीत आहे. पाहुणे जुलैतल्या एका गुरुवारी आले, तीन रात्री राहिले, माणसं दोनच. फॉर्म्युला फक्त येण्याची तारीख बघतो. गुरुवार म्हणजे साधा दर, ५,००० गुणिले ३, १५,००० रुपये. त्यावर ५ टक्के कर धरून बिल १५,७५० होतं. पण शुक्रवार आणि शनिवार या दोन रात्री ८,००० च्या होत्या. भाडं २१,००० व्हायला हवं.

ही चूक लक्षात आल्यावर कुणी एकूण भाडं दुरुस्त करतो, पण करही एकूण रकमेवर ठरवतो. २१,००० हे ७,५०० च्या वर, म्हणून सगळ्यावर १८ टक्के लावून २४,७८०. हेही चूक, कारण टप्पा ठरतो तो एका दिवसाच्या भाड्यावर. गुरुवारच्या ५,००० वर ५ टक्के, म्हणजे ५,२५०. शुक्रवार-शनिवारच्या प्रत्येकी ८,००० वर १८ टक्के, म्हणजे ९,४४० आणि ९,४४०. बरोबर बिल २४,१३० रुपयांचं.

हे सगळं एका सेलमध्ये बसवायला गेलात तर फॉर्म्युला पाच-सहा ओळींचा होईल. त्याऐवजी प्रत्येक रात्रीला एक ओळ द्या. तीन रात्रींचं बुकिंग म्हणजे तीन ओळी, प्रत्येकीत बुकिंगचा क्रमांक तोच, तारीख वेगळी. मग ‘सी२’ने गुणायची गरजच राहत नाही, वार प्रत्येक ओळीत आपोआप बरोबर येतो आणि बिलासाठी ‘समइफ’ने बुकिंग क्रमांकानुसार बेरीज घेता येते. लांबलचक फॉर्म्युला दिसला की आधी हे विचारा: माझी एक ओळ म्हणजे नेमकं काय? बऱ्याचदा एका ओळीत आपण दोन-तीन व्यवहार कोंबलेले असतात आणि फॉर्म्युला त्यांना निस्तरत बसलेला असतो.

रकान्यांची कंजुषी नको

पुष्कळ जणांना वाटतं, सगळं एका सेलमध्ये बसवलं तर फाइल नीटनेटकी दिसते. खरं तर हिशेबाची प्रत्येक पायरी वेगळ्या रकान्यात ठेवावी: दराचा प्रकार, मूळ भाडं, जादा माणसांचं भाडं, दोन्हींची बेरीज, कराचा टक्का, कर, येणं. प्रत्येक रकान्यातला फॉर्म्युला एका दमात वाचता येईल इतका छोटा हवा. पाहुण्याने विचारलं, ‘एवढे कसे झाले?’ तर बोट ठेवून दाखवता येतं. ग्राहकासमोर नको असलेले रकाने लपवून ठेवा किंवा बिलाची शीट वेगळी करा.

याने आणखी एक गोष्ट साधते. जादा माणसाचे ८०० रुपये कराचा टप्पा ठरवताना धरायचे की नाही, हा प्रश्न लांब फॉर्म्युल्यात कुणाला दिसतच नाही. लिहिणाऱ्याने कंस जिथे टाकला तसा निर्णय झालेला असतो. वेगळ्या रकान्यात तो समोर येतो आणि सीएंना विचारता येतो.

तरीही लांब लिहावा लागला तर

काही फॉर्म्युले लांबच असतात. ते एका सलग रांगेत लिहू नका. एक्सेलमध्ये ऑल्ट-एंटर आणि गुगल शीट्स किंवा लिबरऑफिसमध्ये कंट्रोल-एंटर दाबलं की फॉर्म्युल्याच्या आतच नवी ओळ सुरू होते. हिशेबावर त्याचा काही परिणाम होत नाही. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून फॉर्म्युला बार उंच करून घ्या.

तोच तुकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर ‘लेट’ हे फंक्शन वापरा. त्यात मधल्या उत्तरांना नाव देता येतं:

=लेट(
भाडं, ई२+एफ२,
रकाना, इफ(भाडं<=लहान,२,इफ(भाडं<=मोठी,३,४)),
टक्का, व्हीलुकअप(ए२,करदर,रकाना,ट्रू),
राउंड(भाडं*(१+टक्का/१००),२))

इथे ई रकान्यात मूळ भाडं आणि एफमध्ये जादा माणसांचं भाडं आहे. ‘लहान’ आणि ‘मोठी’ ही दर शीटवरच्या दोन करमर्यादांच्या सेलना दिलेली नावं. वरून खाली वाचत गेलं की हिशेब समजतो. नावं साधी ठेवा, मध्ये मोकळी जागा चालत नाही. ‘लेट’ मायक्रोसॉफ्ट ३६५, एक्सेल २०२१, गुगल शीट्स आणि लिबरऑफिस २४.८ पासून चालतं. जुन्या एक्सेलमध्ये फंक्शनचं नावच ओळखलं न गेल्याची चूक येईल. म्हणून फाइल कुणाकुणाकडे जाणार आहे ते आधी बघा. सीएंच्या कार्यालयात जुनं एक्सेल असेल तर मघाचे वेगळे रकानेच बरे.

‘इफ’ची साखळी लिहिताना अटींचा क्रम सांभाळा. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये आणि पवन मावळात गुलाबाची प्रतवारी दांड्याच्या लांबीवर होते. फूल ४०, ५० की ६० सेंटिमीटरचं, त्यावर भाव ठरतो. व्हॅलेंटाइन डेच्या निर्यातीसाठी जानेवारीअखेर माल निघायला लागतो, तेव्हा ही शीट दिवसभर उघडी असते. साखळीत पहिली अट ‘४० किंवा जास्त’ अशी घातली तर ६० चा दांडाही तिथेच अडकतो आणि सगळा माल ४० च्या भावाने लागतो. मोठ्यापासून लहानाकडे या:

=इफ(बी२>=६०,६०,इफ(बी२>=५०,५०,इफ(बी२>=४०,४०,०)))

याहून बरं म्हणजे लांबी आणि भाव यांचा छोटा तक्ता करून त्यावर ‘व्हीलुकअप’ लावायचं. भाव रोज बदलतो, तेव्हा बदल तक्त्यात एकाच जागी होतो.

दुसऱ्याचा फॉर्म्युला वाचताना

आतून बाहेर वाचा. सगळ्यांत आतला कंस आधी सोडवायचा. एक्सेलमध्ये एफ-२ दाबून फॉर्म्युला उघडा, एक पूर्ण तुकडा माउसने निवडा आणि एफ-९ दाबा. त्या जागी त्याचं उत्तर दिसतं. तुकडा कंसांसकट पूर्ण हवा, नाहीतर चूक येते. उत्तर बघून झालं की एस्केप दाबायला विसरू नका. एंटर दाबलंत तर ते उत्तर कायमचं तिथे बसतं आणि फॉर्म्युल्याचा तो भाग मरतो. ‘फॉर्म्युलाज’ टॅबमधलं ‘इव्हॅल्युएट फॉर्म्युला’ हेच काम पायरीपायरीने आणि काही न बिघडवता करतं. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

व्हॉट्सअॅपवर किंवा वर्डमध्ये आलेला फॉर्म्युला चिकटवला आणि चालला नाही, तर आधी अवतरणचिन्हं बघा. ती वळणदार झालेली असतात, एक्सेलला सरळ लागतात. पुसून हाताने टाइप करा.

मराठी नावं जुळत नाहीत तेव्हा

इंद्रायणी तांदळाचं वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलं आणि आज ते मावळच्या नावावरच विकलं जातं. एखादा शेतकरी गट गावनिहाय पोत्यांची बेरीज ‘समइफ’ने काढत असेल, तर एक धोका ओळखून ठेवावा. कुणी ‘वडगाव’ लिहितो, कुणी ‘वडगांव’. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, प्रोग्रामला दोन वेगळी गावं. ‘लेन’ फंक्शन लावून बघा, पहिल्याचं उत्तर ५ येईल, दुसऱ्याचं ६, कारण अनुस्वार वेगळा मोजला जातो. ‘लोणावळा’चं उत्तर ७ येतं, कारण काना-मात्राही मोजल्या जातात. ८ आलं तर बहुधा शेवटी एक मोकळी जागा आहे. ती ‘ट्रिम’ने जाते.

जुन्या फाइलींमध्ये आणखी एक अडचण असते. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. फाँट बदलून बघा. अगम्य अक्षरं दिसली तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय कोणताही लुकअप चालणार नाही. तसंच मराठी कीबोर्ड चालू राहून अंक देवनागरीत पडले तर तो आकडा आहे की नुसता मजकूर, हे ‘इझनंबर’ने तपासा.

वाईट हे, की ‘समइफ’ अशा ओळी चूक न दाखवता गपचूप सोडून देतो. म्हणून सगळ्या गावांची बेरीज आणि मूळ यादीची बेरीज शेजारी शेजारी ठेवा. फरक शून्य हवा. आणि गावाचं नाव टाइप करूच देऊ नका. ‘डेटा व्हॅलिडेशन’ने यादी लावा, नाव निवडायचं.

चूक झाकू नका

फॉर्म्युल्यातून चुकीची खूण आली की लोक बाहेरून ‘इफएरर’ गुंडाळतात आणि उत्तर शून्य करतात. शीट स्वच्छ दिसते, पण तक्त्यात नसलेल्या खोलीचं भाडं शून्य लागून जातं. ‘इफएरर’ लावायचाच असेल तर सगळं तपासून झाल्यावर, शेवटी, आणि शून्याऐवजी ‘दर सापडला नाही’ असा मजकूर द्या.

चालू करण्याआधी

नवा फॉर्म्युला लिहिला की हाताने सोडवलेली उदाहरणं त्यात घालून बघा, आणि ती नेमकी सीमेवरची निवडा. भाडं ७,५०० आणि ७,५०१. तारीख २१ सप्टेंबर २०२५ आणि २२ सप्टेंबर २०२५. माणसं दोन आणि तीन. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर. रविवारची रात्र. ‘<’ आणि ‘<=’ यांची अदलाबदल इथेच पकडली जाते, नेहमीच्या बिलांत ती महिनोन्‌महिने दिसत नाही.

जुनी फाइल सुधारायची असेल तर एप्रिल-मेमध्ये करा, पावसाळी गर्दी सुरू झाल्यावर नको. फाइलीची प्रत काढा आणि मूळ फाइलीला हात लावू नका. सगळ्यांत लांब फॉर्म्युला घ्या, त्यातला प्रत्येक आकडा अधोरेखित करा आणि दर शीटवर न्या. मग तुकडे रकान्यांत पसरा. गेल्या वर्षीच्या जुलैची बिलं नव्या फाइलीत घाला आणि जुन्या उत्तरांशी ताडून बघा. फरक आला तर नवी फाइल चुकली असं लगेच धरू नका. गुरुवारी आलेल्या पाहुण्यांची बिलं आधी तपासा. सगळं जुळलं की फॉर्म्युल्याचे रकाने ‘प्रोटेक्ट शीट’ने कुलूपबंद करा, बुकिंगचा क्रमांक, तारीख, खोली आणि माणसं एवढेच रकाने भरायला मोकळे ठेवा आणि काउंटरवर बसणाऱ्या मुलाला दर शीट कुठे आहे ते दाखवून ठेवा. पुढचा दर तुम्ही गावाला गेलेले असताना बदलला, तर तक्त्यात ती एक ओळ त्यालाच घालावी लागणार आहे.